केसरीनाथाचं कोरं पीठ

धोंडूबाईच्या नवऱ्याचं पीठ कोरं राहिलं होतं, आणि ही गोष्ट तिच्या तोंडावर बोलायची हिंमत भिवंडीतल्या अख्ख्या नारपोलीत एकाच बाईची होती. ती म्हणजे तिची नणंद राहीबाई.

त्यांच्यात माणूस गेला की बाराव्याच्या रात्री कोपऱ्यात परातभर तांदळाचं पीठ पसरतात, बाजूला दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलली की पिठात काहीतरी उमटलेलं असतं. कुणाच्या पिठात पाखराचं पाऊल, कुणाच्या गायीचं खूर, कुणाच्या सापाची वळवळती रेघ. त्यावरून गेलेला माणूस कुठल्या वाटेने गेला ते कळतं आणि मागचे मोकळे होतात. राहीबाईच्या सासऱ्याच्या पिठात मोराचं पाऊल उमटलं होतं आणि हळदी असो की बारसं, ते सांगितल्याशिवाय राहीबाई पंगतीवरून उठत नसे. केसरीनाथाची टोपली उचलली तेव्हा मात्र पीठ जसं पसरलं होतं तसंच होतं. एक ओरखडा नाही. इस्त्री फिरवल्यासारखं.

"दादा गेलाच न्हाय," राहीबाई तेव्हाच बोलून मोकळी झाली होती. "वहिनीला विचारल्याबिगर तो कधी बाजारात गेला न्हाय. वर कसा जाईल?"

असलं पीठ खाडीत सोडायचं असतं. धोंडूबाईने सोडलं नाही. पाऊल उमटत नाही तोवर हे पीठ घराबाहेर जाणार नाही असं तिने जमलेल्या भावकीला सुनावलं आणि पीठ पत्र्याच्या डब्यात भरून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं. मग अधूनमधून, कुणी घरात नसलं की, ती झाकण उघडून बघायची. पीठ कोरंच. वर्ष होत आलं, पण त्याला साधा किडासुद्धा लागला नव्हता. हे शुभ म्हणायचं की भलतंच काही, ते तिला ठरवता येईना आणि कुणाला विचारायचा तिचा स्वभाव नव्हता. आता येत्या शुक्रवारी वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी पुन्हा सगळी भावकी येणार, पुन्हा राहीबाई मधोमध बसणार आणि पुन्हा तो मोर नाचणार.

केसरीनाथ गेल्यावर तिने घरामागच्या शेडमधले कापड विणायचे लूम विकून टाकले होते. रिकामी शेड विद्यापीठाने भाड्याने घेतली, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी. फरशीतले लूमचे बोल्ट अजून तसेच वर आलेले होते आणि भिंतींना तेलाचा वास होता. तिथे सालेहा मॅडम खाडीच्या गाळावर काम करायची. सालेहा निजामपुऱ्यातली, चांगल्या जुन्या घरातली, बापाचा कापडाचा मोठा धंदा. अशा घरातली शिकलेली पोरगी चिखल गोळा करते, तो वाळवते, कुटते आणि अत्तरासारखा बाटल्यांत जपून ठेवते, हे बघून धोंडूबाईला सुरुवातीला हसू आवरत नसे. पण पोरगी कष्टाळू होती आणि "धोंडूमावशी" म्हणून रोज हाक मारायची, म्हणून चिखल तिला माफ होता.

तर त्या हिवाळ्यात, म्हणजे एकोणनव्वद सालच्या, विद्यापीठाने सालेहाला एक यंत्र घ्यायची परवानगी दिली. चिमूटभर गाळ, पान, काहीही त्यात जाळायचं आणि ते कशाकशाचं बनलंय ते यंत्राने कागदावर छापून द्यायचं. एक पांढरं आणि एक निळं, दोन कंपन्यांची दोन यंत्रं शेडमध्ये आठवडाभर वापरून बघायला आली. सोमवारी विद्यापीठाचे मोठे साहेब येऊन त्यातलं एक निवडणार होते. न निवडलेलं त्याच दिवशी ट्रकात चढून परत जाणार होतं.

पांढऱ्याबरोबर दौलत नावाचा इंजिनीअर आला होता. टाय लावलेला, आणि धोंडूबाईला पहिल्याच भेटीत "आजीबाई" म्हणालेला. आजी असेल तुझी, असं तिने त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. निळ्याबरोबर आला मुख्तार. तो भिवंडीचाच, पण मुंबईच्या कंपनीत लागलेला. निळं यंत्र मोठं, जुनाट दिसणारं, बाजूला गॅसच्या नळकांड्या. पांढरं देखणं आणि गप्प. "माझं मशीन बोलत नाही, काम करतं," दौलत सारखा म्हणायचा. मुख्तार बिचारा त्यावर काहीच म्हणत नसे, कारण त्याचं यंत्र बोलायचं.

ते कसं बोलतं, हे धोंडूबाईने वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधीच्या शुक्रवारी ऐकलं.

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. बाकीचे दिवस अख्खं गाव खडखडत असतं, तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरतं, आणि माणसं त्यातच बोलतात, झोपतात, मरतात. शुक्रवारी तो आवाज थांबला की कानात पाणी गेल्यासारखं होतं. कावळा ओरडला तरी दचकायला होतं. त्या दुपारी धोंडूबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. ऊन पडलं होतं, पण त्याला ऊब नव्हती. आणि शेडमधून आवाज आला.

टक, टक, टक. मग थोडा वेळ काही नाही. मग, लांबलचक, खोलवरून आलेलं, हुश्श.

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

केसरीनाथाच्या छातीत सगळ्या जन्माचा कापूस साठला होता. संध्याकाळी शेडमधून आला की तो अडकित्ता घेऊन पडवीत बसायचा. सुपारी कातरायचा, टक, टक, टक. मग ती गालात धरून, बायको काय काय बोलतेय ते ऐकून घेऊन, हुश्श करायचा. दुसरं काही उत्तर त्याने कधी दिलं नाही. त्या हुश्शवरून धोंडूबाईने त्याच्याशी उभा जन्म भांडण केलं होतं. आणि आता तेच, त्याच शेडमधून, वर्षभराने.

ती उठली. शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. सालेहा जेवायला घरी गेली होती, मुख्तार नमाजाला, दौलतचा पत्ता नव्हता. पांढरं यंत्र कोपऱ्यात थंड बसलं होतं. निळ्यावर लाल दिवा होता, आणि त्याच्या माथ्यावर तिची मांजर पाय पोटात घेऊन डोळे मिटून बसली होती. ही मांजर कुणाकडे जात नसे. फक्त केसरीनाथाच्या मांडीवर अशी बसायची. यंत्राच्या वरची गोल थाळी, कुणी हात न लावता, आपली आपण फिरली.

टक, टक, टक.

"कोन हाय?" धोंडूबाईने विचारलं.

हुश्श.

 धोंडूबाई भ्याली तरी तिची जीभ भीत नसे. ती म्हणाली, "वरीस झालं. तोंड काला केलंत ते केलंत, पिठात एक बोट तं उमटवायचं. तुमची बहीन माझं नाक कापतंय रोज." मग ती बराच वेळ बोलत होती. लूम कितीला गेले, कुणी मान दिला, कुणी दिला नाही, छप्पर कुठे गळतं, सगळं. मधून मधून तिकडून हुश्श येत होतं, बरोबर जिथे यायला हवं तिथेच. शेवटी ती वळली, तेव्हा दारात राहीबाई उभी होती.

अंधार पडायच्या आत नारपोलीला कळलं की केसरीनाथ मशीनमध्ये आलाय. शनिवारी सकाळी मुख्तार आला, तेव्हा निळ्या यंत्राला झेंडूची माळ होती, समोर नारळ होता, आणि बटणांच्या रांगेवर कुणीतरी कुंकू लावलं होतं. केसरीनाथाची तपकिरीची डबीसुद्धा आणून ठेवली होती, उघडी. मुख्तारला लागोपाठ शिंका आल्या. "मावशी, ये क्या है, पाणी गेलं आत तर भट्टी फुटेल," तो हात जोडून म्हणाला, आणि दारात पाच-सहा बाया पदर डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बघून त्याने नारळाला मात्र हात लावला नाही.

सालेहाने धोंडूबाईला बाजूला घेऊन समजावलं. थाळी फिरते तो टक टक आवाज. मग आतली हवा काढून टाकायला गॅस सुटतो, तो हुश्श. बाकी काही नाही. मांजर बसते कारण आत भट्टी आहे, वरचा पत्रा तापतो आणि थंडीचे दिवस आहेत. धोंडूबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मग त्या पांढऱ्यावर का बसत न्हाय?"

सालेहाचं लक्ष यंत्रावरच्या झेंडूच्या माळेकडे होतं. तिच्या मागे दुसरी चिंता होती. साहेब येणार आणि यंत्रावर कुंकू.

"बाय, तुझं ते मशीन काय काय वलखतं?" धोंडूबाईने पुढे विचारलं. सालेहा म्हणाली, जे कधी जिवंत होतं ते सगळं. धान, पान, माती, हाड. डोळ्यांना दिसत नाही, पण आत असतं, ते हे काढून दाखवतं. कोळसा किती, गंधक किती, असं.

डोळ्यांना दिसत नाही पण आत असतं. धोंडूबाई त्या वाक्याशी दिवसभर बसून राहिली. तिच्या डब्यातही तेच होतं की. केसरीनाथ कुठे गेला ते पिठात असणारच, फक्त दिसत नव्हतं. गंधक निघणार नाही एवढी तिची खात्री होती. एवढा जहाल माणूस तो कधीच नव्हता.

संध्याकाळी तिने सालेहाकडे विषय काढला. सालेहा दमलेली होती. ती हसली आणि म्हणाली, मावशी, यंत्र अजून आपलं नाही, त्यात बाहेरचं काही घालता येत नाही. सोमवारी साहेबांसमोर दोन्ही यंत्रांना फक्त त्या बाटलीतली पूड द्यायची. परदेशातून आलेली पूड, त्यात काय किती आहे ते बाटलीवरच छापलंय. ज्या यंत्राचे आकडे बाटलीशी जुळतील ते आपलं.

म्हणजे जे बाटलीत असेल तेच आत जाणार. मग पीठ बाटलीत असलं पाहिजे. धोंडूबाईला यात काहीच अवघड वाटलं नाही.

रविवारी दुपारी शेडला कुलूप होतं, पण कुलपाची दुसरी किल्ली मालकिणीकडे होती. तिने बाटलीतली पूड एका कागदात ओतली, पुडी बांधली आणि कनवटीला लावली. मेलेल्याच्या पिठाला हात लावायचा नसतो, म्हणून सालेहाचा तो लांब दांड्याचा लहानसा चमचा घेऊन तिने डब्यातलं पीठ बाटलीत भरलं. पांढऱ्याच्या जागी पांढरं, काही कळत नव्हतं. मग डबा हलवून, ठोकून पीठ पुन्हा सपाट केलं, झाकण घट्ट बसवलं आणि डबा घरी परत न्यायला उचलला. निळं यंत्र बंद होतं. लाल दिवासुद्धा नव्हता.

दार ओढून घेताना तिला मागून ऐकू आलं. टक, टक, टक.

ती मागे वळली नाही. "उंद्या बोला," एवढंच म्हणाली, आणि डबा फळीवर जागच्या जागी ठेवायला घराकडे जरा भरभर चालली.

सोमवारी मोठे साहेब आले, बरोबर दोन लहान साहेब. लूम चालू होते, म्हणून सगळे ओरडून बोलत होते. मुख्तारने यंत्र पुसलं होतं, पण कुंकू फटींत बसलं होतं ते निघालं नव्हतं. साहेबांनी ते बघितलं, बोटाने उकरलं, आणि मुख्तारला विचारलं की हे तुमच्या कंपनीत नेहमीचं आहे का. मुख्तार म्हणाला की नाही साहेब, हे स्थानिक आहे. धोंडूबाई चहा घेऊन दाराशी उभी होती, आणि तिच्या मागे राहीबाई, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

सालेहाने बाटली उघडली, चमचा आत घातला आणि क्षणभर थांबली. "आज पूड मऊ वाटते," ती पुटपुटली. पण साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि तिने कथलाच्या इवल्याशा वाट्यांत पूड तोलून दोन्ही यंत्रांना दिली.

पांढऱ्यातून कागद सरकत आला. कुठेही आवाज नाही. आकडे बाटलीवरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले, शेवटच्या अंकापर्यंत. दौलतने टाय नीट केला.

निळ्याने टक, टक, टक केलं, हुश्श केलं, आणि कागद दिला. आकडे भलतेच होते. कोळसा फार कमी, नायट्रोजन नावाला, गंधक जवळजवळ नाहीच. मुख्तारचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा एक वाटी घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घालू लागला तेव्हा साहेबांनी हात वर केला. पांढरं घ्यायचं, ते म्हणाले. आणि कुंकवाचं आजच उचला.

मुख्तार वायर गुंडाळायला लागला. बाहेर ट्रक उभाच होता.

धोंडूबाईच्या हातात चहाचा ट्रे तसाच होता. गंधक नाही एवढं तिने ऐकलं होतं आणि मनातून बरं वाटलं होतं. पुढचं तिला आत्ता कळलं. हे यंत्र जाणार होतं. कुठल्या गावाला, कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या बायकोच्या बडबडीवर ते हुश्श करणार होतं, कोण जाणे. एकदा तिरडीवर गेला तेव्हा तिने दात आवळून धरले होते, कारण राहीबाई बघत होती. राहीबाई आत्ताही बघत होती. कबूल करायचं म्हणजे भावकीत, साहेबांत, ट्रकवाल्यासमोर हसं करून घ्यायचं. कोरं पीठ पुन्हा चव्हाट्यावर आणायचं, आणि तेही आपल्याच हाताने.

मुख्तारने प्लगला हात घातला. यंत्राने हुश्श केलं. यावेळी ते अगदी लहान होतं.

"थांब रे," धोंडूबाई म्हणाली. "बाटलीत त्यांची पूड न्हाय. पीठ हाय."

लूम खडखडत होते, म्हणून तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. कसलं पीठ, साहेबांनी बाटलीतला चमचा उचलून विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं."

साहेबांनी हातातला चमचा हळूच टेबलावर ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. लहान साहेब दोन पावलं मागे सरले. "नवऱ्याचं म्हणजे?"

"म्हंजे तांदलाचं," धोंडूबाई म्हणाली, आणि कनवटीची पुडी सोडून टेबलावर आपटली. "ही घ्या तुमची पूड. मी काय खाल्ली न्हाय."

सालेहाने आधी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा ती वेगळीच बाई होती. तिने धोंडूबाईला डबा आणायला सांगितला, त्यातलं थोडं पीठ स्वतःच्या चमच्याने काढलं, आणि मुख्तारला म्हणाली, चालव. डबा तिथेच उघडा होता. राहीबाईने मान लांब करून आत बघितलं. चमच्याचा खड्डा सोडला तर कोरंच. धोंडूबाईने तो हलवून सपाट केला आणि झाकण लावलं. निळ्याने कागद दिला. मघाचेच आकडे, तांदळाचे आकडे.

मग सालेहा पांढऱ्याकडे वळली. तिने दौलतला काही विचारलं नाही. यंत्रावर तळहात ठेवला, आणि ठेवूनच राहिली. गार. मांजर का बसत नव्हती, ते तिला आता उमगलं होतं. आत भट्टी पेटलेलीच नव्हती. मुंबईहून येताना ट्रकात आदळून ती फुटली होती, हे दौलतने पुढे कबूल केलं, आणि कंपनीला सांगायच्या ऐवजी त्याने बाटलीवरचे आकडे यंत्रात आधीच भरून ठेवले होते.

"पण मशीनने बरोबर उत्तर दिलं होतं," एक लहान साहेब म्हणाला, कारण त्याला अजून कळलं नव्हतं.

"त्याला लिवता-वाचता येतं," धोंडूबाई म्हणाली. "बाटलीवर लिवलेलं त्यानं वाचून दाखवलं. आमच्या ह्याला अक्षर येत न्हाय. म्हून खरं बोलला."

मोठ्या साहेबांनी पांढरं खोडलं आणि निळं लिहिलं. चहाला मात्र त्यांनी हात लावला नाही. दौलतने पांढरं यंत्र ट्रकात चढवलं. जाताना तो "येतो आजीबाई" म्हणाला नाही. मुख्तारने वाकून धोंडूबाईच्या पायांना हात लावला, मावशी, तुमच्यामुळे नोकरी वाचली म्हणाला. "जात होती तीबी माझ्यामुलंच," असं म्हणून तिने त्याला उठवलं.

पुढचे दिवस तिचे फार बरे गेले. लूमच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, पण ती पडवीची शेडकडची भिंत धरून बसायची आणि भिंतीला कान लावला की यायचं. दोघांची बोलाचाली झाली, एकदा तर चांगलं भांडणही झालं.

मग शुक्रवार आला, वर्षश्राद्धाचा. लूम बंद झाले. गावावर ती शांतता उतरली. धोंडूबाई नवं लुगडं नेसून पडवीत आली, बसली आणि वाट बघू लागली.

काही आलं नाही.

तिने भिंतीला टेकून कान दिला. मग उठून शेडमध्ये गेली. सालेहा आणि मुख्तार दोघंही यंत्रासमोर उभे होते. लाल दिवा होता. थाळी फिरत होती. गॅसचा काटा हलत होता. पण आवाज म्हणून नव्हता, टक नाही की हुश्श नाही, बंद काचेआड पंखा फिरताना दिसावा तसं.

"दुरुस्त केलंस?" तिने मुख्तारला विचारलं.

"मावशी, अल्ला कसम, हात पण नाय लावला," मुख्तार म्हणाला. "सकाळपासून असंच आहे. मी तुम्हालाच विचारणार होतो."

मांजर यंत्रावर नव्हती. ती दाराच्या उंबऱ्यावर बसून खाडीकडे बघत होती.

घरातून राहीबाईची हाक आली. भावकी जमली होती. पान वाढायच्या आधी हे पीठ खाडीत टाकून एकदाचं संपवू, असं ठरवून राहीबाईने आपल्या हाताने डबा फळीवरून काढला होता आणि झाकण उघडलं होतं. धोंडूबाई आली तेव्हा सगळे डब्याभोवती वाकलेले होते.

पिठाच्या अगदी मधोमध पाऊल होतं. पुढे तीन बोटं, मागे एक, लांब आणि बारीक, गाळात बगळ्याचं उमटतं तसं. एकच. दुसरं पाऊल जसं काही डब्याच्या बाहेरच पडलं होतं.

राहीबाईने बराच वेळ बघितलं. मग ती सरळ झाली. "तुझीच बोटं हायत वहिनी," ती म्हणाली. "मशीनसाठी पीठ काढलंस तवाची. आमी काय बगल्याचा पाय बघितला न्हाय का."

धोंडूबाईने तोंड उघडलं. दोन्ही वेळा पीठ चमच्याने काढलं होतं. दोन्ही वेळा तिने ते सपाट केलं होतं. दुसऱ्या वेळी राहीबाईनेच मान लांब करून आत बघितलं होतं. एवढं सगळं तिच्या जिभेवर आलं, आणि भावकी जेवण विसरून ऐकायला तयार झाली. धोंडूबाईने तोंड मिटलं.

ती डबा घेऊन खाडीवर गेली. राहीबाई मागोमाग आली, कारण पुढे काय होतं ते चुकवायची तिची तयारी नव्हती. ओहोटी लागली होती. धोंडूबाईने पीठ पाण्यात सोडलं. पांढरा डाग क्षणभर तसाच राहिला, मग लांब झाला आणि निघून गेला. कुठेही आवाज नव्हता. परत फिरताना ती थांबली, आणि खूप वर्षांनी, टोमणा न मारता, नणंदेकडे बघून बोलली.

"राही, तुझा दादा आज पयल्यांदा मला न इचारता गेला."